जागेपणाचा अडसर

आमच्या पांढरपेशा घरांतून मुलांच्या ज्या दोषांस क्षमा नसते, त्यांत दोन प्रमुख आहेत: एक खादाडपणा व दुसरा झोंपाळूपणा. मुलानें चोरी केली तर तो संगतीनें बिघडला म्हणतात, खोटें बोलला तर भ्याला म्हणतात. परंतु ताटावर पेंगला किंवा पुस्तकावर डोकें टेकून घोरूं लागला, म्हणजे दोष थेट त्याच्या स्वभावावर येतो. ‘आळशी’ हें विशेषण एकदां चिकटलें कीं तें पुसण्यास अर्धें आयुष्य लागतें. हा न्याय आजचा नव्हे. दासबोधाच्या अठराव्या दशकांत श्रीसमर्थांनीं निद्रानिरूपणाचा एक सबंध समास घातला आहे, आणि निरूपणास बसलेल्या श्रोत्यांच्या जांभया व डुलक्या यांचें जें चित्र त्यांत उतरलें आहे, तें वाचतांना हसूं आवरत नाहीं. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. नोकरीच्या काळांत आम्ही तेथें पुष्कळदां जाऊन बसत असूं, आणि हा समास मुलांस वाचून दाखविण्याचा आमचा परिपाठ होता. परंतु समर्थांचा रोख आहे तो जागें राहण्याची शक्ति असून जो झोंपतो त्याच्यावर. ही शक्तिच ज्याच्या देहांतून नाहींशी झाली आहे अशा मनुष्याविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व त्यावर पाठशाळेंतील संस्कृत, एवढेंच. शरीरशास्त्रावर अधिकारानें बोलण्याचा आमचा दावा नाहीं. परंतु गेल्या दोन वर्षांत हा विषय आपण होऊन आमच्या घरांत शिरला. डॉक्टरांनीं तो समजावून दिला, वैद्यकी शिकणाऱ्या एका पुतणीनें पुस्तकें आणून दिलीं, आणि जें समजलें तें आमच्यासारख्या दहा घरांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

धुळ्याहून निवृत्त झाल्यावर आम्ही जळगांवीं वडील बंधूंच्या घरीं राहण्यास आलों. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. वडील बंधूंचा नातू त्या वेळीं तेरा वर्षांचा. अभ्यासांत बरा, खेळांत पुढें, आणि सर्व भावंडांत हसरा. त्या वर्षींच्या पावसाळ्यापासून त्याच्यांत पालट दिसूं लागला. रात्रीं नऊ तास अंथरुणांत काढून उठलेला मुलगा शाळेंत दुसऱ्याच तासाला बाकावर झोंपे. जेवतां जेवतां घांस हातांत राही व मान खालीं जाई. चार महिन्यांत वजन एकदम वाढलें. एकदां मेहरूण तलावाकडून येतांना तो सायकलीसह रस्त्याच्या कडेस कलंडला. लागलें थोडें, पण काय झालें हें त्यास सांगतां येईना. रात्रीं मात्र झोंप धड नसे. चार चार वेळां उठे, आणि कधीं घाबराघुबरा होऊन सांगे कीं छातीवर कोणी बसलें होतें व हातपाय हलत नव्हते.

शाळेंत त्यास प्रथम बाकावर उभें केलें, मग वर्गाबाहेर उभें केलें. तो उभ्याउभ्याहि पेंगला, तेव्हां हें सोंग आहे असा शेरा घरीं आला. घरांत त्याचें नांव कुंभकर्ण पडलें. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं ‘बाहेरचें’ आहे असें सांगून लिंबू उतरून टाकलें. एका डॉक्टरांनीं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनीं रक्त वाढलें. झोंप होती तेवढीच राहिली.

खरी गोष्ट प्रथम लक्षांत आली ती आमच्या वहिनींच्या. हिवाळ्यांत एके दिवशीं स्नेह्यांच्या शेतावर भरिताचा बेत होता. वांगीं भाजत होतीं, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि कोणीतरी एका नातेवाईकाची हुबेहूब नक्कल केली. सर्व हसले. मुलगाहि हसला, आणि हसतां हसतां त्याचा जबडा लोंबला, गुडघे वांकले, व तो पोतें घसरावें तसा भुईवर बसला. डोळे उघडे होते, शुद्ध पूर्ण होती. अर्ध्या मिनिटांत उठला. सर्वांस तो विनोदाचाच भाग वाटला. रात्रीं वहिनी आम्हांस म्हणाल्या, “भावोजी, हा मुलगा झोंपाळू नाहीं. हा हसला कीं मोडतो. मीं तीनदां पाहिलें.” दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघें बारकाईनें पाहूं लागलों. तों आणखी एक गोष्ट ध्यानांत आली, आणि तिनें पोटांत कालवलें. मुलानें हसणें सोडलें होतें. भावंडांची थट्टामस्करी सुरू झाली कीं तो मुकाट्यानें उठून गच्चीवर जाई.

मुंबईस मेंदू व मज्जातंतू यांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांस वहिनींचें वाक्य जसेंच्या तसें सांगितलें. ते म्हणाले, “निम्में निदान तुम्हीं घरींच केलें आहे.” मग मुलाच्या डोक्यास व अंगास तारा लावून रात्रभर झोंपेची नोंद घेतली. दुसऱ्या दिवशीं दर दोन तासांनीं त्यास अंधाऱ्या खोलींत निजविलें व झोंप किती मिनिटांत लागते तें मोजलें. निरोगी मनुष्य झोंपला म्हणजे स्वप्नांची अवस्था येण्यास त्यास साधारणतः दीड तास लागतो. हा मुलगा दोन-तीन मिनिटांत झोंपला व झोंपतांक्षणींच स्वप्नांत गेला. रोगाचें नांव नार्कोलेप्सी. हें नांव झेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनीं १८८० सालीं दिलें; परंतु रोगाचें मूळ कोठें आहे हें कळण्यास त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तें मूळच आमच्या विषयाचा गाभा होय.

मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा बदामाएवढा एक भाग आहे. भूक, तहान व शरीराची उष्णता यांचा कारभार तेथून चालतो. त्याच्या दोन्ही बाजूंस कांहीं विशिष्ट पेशी असतात. मनुष्याच्या मेंदूंत मज्जापेशी सुमारें ८,६०० कोटी. त्यांत या पेशींची संख्या अवघी सत्तर हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या राज्यांत एखाद्या तालुक्याच्या गांवाइतकी ही वस्ती. परंतु तिच्या वाटा मेंदूच्या बहुतेक सर्व भागांत जातात. या पेशी जें द्रव्य तयार करतात तें १९९८ सालीं शास्त्रज्ञांच्या दोन मंडळींस एकाच सुमारास सांपडलें. कॅलिफोर्नियांतील द लेसिया, सटक्लिफ, किल्डफ प्रभृतींनीं त्याचें नांव हायपोक्रेटिन ठेविलें. डॅलस येथें काम करणारे साकुराई व यानागिसावा या जपानी शास्त्रज्ञांनीं ओरेक्सिन ठेविलें. प्रयोगशाळेंतील उंदरांच्या मेंदूंत तें सोडतां उंदीर अधिक खाऊं लागले, म्हणून भूक या अर्थाच्या ‘ओरेक्सिस’ या ग्रीक शब्दावरून हें नांव. आमच्या व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर भुज् धातूपासून जी बुभुक्षा होते, तीच ही. पुढें वर्षभरांतच दिसून आलें कीं या द्रव्याचें बुभुक्षेइतकेंच, किंबहुना अधिक, नातें जागृतीशीं आहे.

हें द्रव्य म्हणजे ॲमिनो आम्लांची एक लहानशी माळ. एका लांब माळेंतून दोन तुकडे निघतात. एकास ओरेक्सिन ‘ए’ म्हणतात, त्यांत ३३ मणी. दुसऱ्यास ‘बी’ म्हणतात, त्यांत २८. ज्या पेशीस निरोप पोंचवावयाचा तिच्या अंगावर तो घेणारें एक कुलूप असतें. यास रिसेप्टर म्हणतात. ओरेक्सिनचीं कुलुपें दोन प्रकारचीं आहेत. पहिलें विशेषेंकरून ‘ए’ या किल्लीनें उघडतें. दुसऱ्यास दोन्ही किल्ल्या सारख्याच चालतात. मेंदूंत जागृति राखणारीं जीं निरनिराळीं ठाणीं आहेत, त्यांवर हीं कुलुपें बसविलेलीं असतात. जागेपणाच्या कामीं दुसऱ्या कुलुपाचें महत्त्व अधिक, हें कसें कळलें त्याची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत हाच रोग असलेल्या कुत्र्यांचा वंश पाळलेला होता. त्यांच्यापुढें आवडीचें खाणें ठेवलें कीं आनंदाच्या भरांत त्यांचे पाय गळत व तीं खालीं बसत. १९९९ सालीं मिन्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं या कुत्र्यांत दुसरें कुलूपच जन्मतः बिघडलेलें आहे. त्याच वर्षीं यानागिसावांच्या मंडळींनीं ओरेक्सिन मुळींच तयार न होणारे उंदीर निपजविले. तेहि हिंडतां हिंडतां मध्येंच कोसळूं लागले. २००० सालीं मनुष्यांचा उलगडा झाला. रुग्णांच्या मेंदूंत कुलुपें शाबूत होतीं, परंतु किल्ल्या घडविणाऱ्या पेशीच बहुतेक नष्ट झालेल्या होत्या. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणा चुकून या पेशींवरच शस्त्र धरते, असें आज मानतात.

किल्ली नसल्यानें काय होतें, हें समजण्यास जुन्या वाड्याचा दरवाजा डोळ्यांपुढें आणावा. अलीकडे जागृति, पलीकडे निद्रा. दिवस चढतो तसा श्रमाचा वारा दरवाजा ढकलूं लागतो. परंतु आंतून अडसर घातलेला असल्यामुळें रात्र होईपर्यंत तो उघडत नाहीं. ओरेक्सिन हा तो अडसर. रावेर-यावलकडे केळीच्या बागेस रात्रींच्या विजेवर पाणी भरणारा शेतकरी डोळे ताणून बांधावर बसतो, तेव्हां त्याच्या निश्चयास आंतून हाच अडसर आधार देत असतो. तो काढून घेतला तर दरवाजा वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकेसरशीं उघडेल व मिटेल. म्हणून असा रोगी दिवसा वारंवार झोंपतो व रात्रीं वारंवार जागा होतो. चोवीस तासांची बेरीज केली तर तो इतरांहून फारसा अधिक झोंपत नाहीं. ज्यास आम्ही कुंभकर्ण म्हणत होतों त्याची एकंदर झोंप त्याच्या बहिणीइतकीच भरली!

हसतांना पाय कां गळावे, याचेंहि उत्तर याच दरवाजाशीं आहे. आपण स्वप्न पाहतों तेव्हां निसर्ग आपले स्नायू सैल करून ठेवतो, नाहींतर स्वप्नांत धांवणारा मनुष्य अंथरुणांतून धांवत सुटेल. अडसर नसलेल्या घरांत ही शिथिलता एकटीच, भर जागेपणीं, दरवाजांतून आंत येते. आणि हर्षाचा किंवा हास्याचा धक्का तिला पुरतो. छातीवर बसणारी आकृतीहि भूत नव्हे. झोंप पुरती लागण्यापूर्वींच, किंवा पुरती जाण्यापूर्वींच, आलेलें तें स्वप्न. आणि हातपाय न हलणें ही तीच शिथिलता. लिंबू उतरून जें जात नव्हतें तें इतक्या साध्या स्पष्टीकरणानें मुलाच्या मनांतून गेलें. आकृति अजून कधीं कधीं येते, परंतु भय राहिलें नाहीं.

आतां भुकेकडे वळूं. क्षुधा व निद्रा यांचा कारभार एकाच ठिकाणीं कां असावा? रानांतील उपाशी प्राण्याचा विचार करावा. पोट रिकामें असतां तो निवांत झोंपला तर जगणार कसा? त्यास जागें राहून, हिंडून, अन्न शोधलें पाहिजे. रक्तांतील साखर उतरली कीं ओरेक्सिनच्या पेशी चेततात. साखर चढली कीं मंदावतात. रिकामें जठर घ्रेलिन नांवाचें द्रव्य सोडतें, तें त्यांस डिवचतें. अंगावरील चरबी लेप्टिन नांवाचें द्रव्य सोडते, तें त्यांस आंवरतें. उंदरांस उपाशी ठेवलें असतां ते अधिक वेळ जागून हिंडूं लागतात. परंतु ज्यांच्या या पेशी नष्ट केल्या आहेत ते उपाशीं असूनहि तसे जागत नाहींत. निर्जळी एकादशीच्या रात्रीं झोंप लवकर कां लागत नाहीं व श्रीखंडपुरीच्या जेवणानंतर डोळे कां मिटतात, याचें निदान एक कारण येथें सांपडतें. आणि एक चमत्कार असा कीं, ओरेक्सिन नसलेले उंदीर खातात कमी, तरी पुढें लठ्ठ होतात. कारण शरीरांतील खर्चाचा हिशेबहि हेंच द्रव्य पाहतें. आमच्या मुलाचें वजन वाढलें तेव्हां घरांत त्याच्या ताटावर नजर ठेवली जाऊं लागली होती. दोष ताटाचा नव्हता.

चरकाचार्यांनीं आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांस शरीराचे तीन उपस्तंभ म्हटलें आहे, आणि पहिले दोन शेजारीं शेजारीं ठेवले आहेत. दिवसा झोंपूं नये असें सांगतांना ग्रीष्म ऋतूचा त्यांनीं अपवाद केला आहे, कारण त्या दिवसांत रात्री लहान असतात. वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर गेला असतां जळगांव-धुळ्याकडील मनुष्य दुपारीं वामकुक्षी करतो, त्यास या ग्रंथाचा आधार आहे. दिवसाची झोंप सर्वकाळ व सर्वांस निंद्य नाहीं, एवढा विवेक आमच्या पूर्वजांपाशीं होता.

ओरेक्सिनचीं कामें येथेंच संपत नाहींत. रात्रीं अंगणांत साप दिसला म्हणजे झोंप उडते, छाती धडधडते, श्वास वाढतो, अंग तापतें. हीं सर्व एकाच क्षणीं घडवून आणण्यांत या पेशींचा हात असतो. एखाद्या वस्तूची गोडी लागणें, तिच्यासाठीं धडपडणें, आणि गोडीचें व्यसन होणें, यांतहि त्यांचा भाग आहे. ज्यांस झोंप येत नाहीं त्यांच्यासाठीं याच ज्ञानाचा उलट उपयोग केला गेला. दोन्ही कुलुपांत खुंटी मारून अडसर तात्पुरता काढणारें सुवोरेक्सन्ट हें औषध अमेरिकेंत २०१४ सालीं मान्य झालें. नंतर त्याच जातीचीं आणखी निघालीं. त्याउलट, ज्यास ओरेक्सिन नाहीं त्यास तें गोळीनें देतां येत नाहीं, कारण पोटांत ही माळ तुटून जाते. म्हणून दुसरें कुलूप उघडणारीं निराळीं रसायनें शास्त्रज्ञांनीं बनविलीं. त्यांपैकीं एकाचा गुण उत्तम दिसत असतां त्यानें यकृतास अपाय होऊं लागला, व २०२१ सालीं त्याच्या चाचण्या थांबविण्यांत आल्या. ज्ञान झालें म्हणजे उपाय लगेच हातीं येतो असें नाहीं.

आमच्या घरांत निदानानंतर खरा वाद सुरू झाला. हें शाळेस व चार लोकांस कळवावें कीं नाहीं? वडील बंधूंचें म्हणणें, “घरांतली गोष्ट घरांत राहूं द्या. उद्यां मुलाचें लग्न करावयाचें आहे.” पुतण्याचाहि कल तिकडेच होता. आमचें मत उघड सांगावें असें होतें; परंतु वडील बंधूंपुढें आम्ही फार बोललों नाहीं. बोलल्या त्या वहिनी. त्या म्हणाल्या, “आळशी आणि ढोंगी म्हणून गांवभर झाला, तर लग्न लवकर होणार आहे का?” त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वडील बंधू स्वतःच कागदपत्र घेऊन शाळेंत गेले. आतां मधल्या सुट्टीनंतर मुलास वीस मिनिटें एका खोलींत निजूं देतात, व त्यानंतरचे दोन तास तो चांगला जागा असतो. औषध रोज चालू आहे. सायकलीवर एकटा जात नाहीं, पाण्यांत एकटा उतरत नाहीं. रोग गेलेला नाहीं. तो जन्माचा सोबती आहे असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. परंतु मुलगा आतां गच्चीवर पळत नाहीं. हसूं आलें कीं भिंतीस पाठ टेकतो, आणि मग पोटभर हसून घेतो.

पाश्चात्त्य देशांतील गणनेप्रमाणें दर दोन हजार माणसांत सुमारें एकास हा रोग असतो, आणि तो बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकांत, म्हणजे ऐन शाळा-कॉलेजच्या दिवसांत, डोकें वर काढतो. पुष्कळांचीं निदान होईपर्यंत आठ-दहा वर्षें जातात. तीं वर्षें कशीं जात असतील, हें ज्याच्या घरीं हें घडलें त्यानेंच जाणावें. पेंगणारें प्रत्येक मूल रोगी असतें असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं बारापर्यंत मोबाईल पाहणारा मुलगा सकाळीं पेंगतो, त्यास औषध मोबाईल काढून घेण्याचेंच. परंतु रात्रीं पुरेशी झोंप घेऊनहि जें मूल महिनोन् महिने दिवसा झोंपतें, हसतांना किंवा आश्चर्य वाटतां ज्याचे गुडघे वा जबडा ढिला पडतो, झोंपेच्या उंबरठ्यावर ज्यास आकृति दिसतात व हातपाय हलवितां येत नाहींत, त्यास मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावें. घरच्या दुसऱ्या कोणाच्या झोंपेच्या किंवा जागरणाच्या गोळ्या त्यास देऊं नयेत. जें दिसतें तें साध्या शब्दांत लिहून न्यावें. तपासणीच्या यंत्रापूर्वीं त्याचाच उपयोग होतो.

एकत्र कुटुंबांत मुलाकडे पाहणारे डोळे पुष्कळ असतात, हें आमच्या पद्धतीचें मोठें सुख. त्या डोळ्यांनीं ‘आळशी’ म्हणण्याची घाई न करितां एक महिनाभर नुसतें पाहावें, एवढीच सर्व वडीलधाऱ्यांस आमची विनंति आहे.